मासा भीतीने ताजा राहत नाही

एक गोष्ट गेल्या वर्षभरात मी तीन वेळा ऐकली. तिन्ही ठिकाणं वेगळी, सांगणारे वेगळे, आणि गोष्ट मात्र तीच.

पहिल्यांदा ती एका ख्रिस्ती मित्राबरोबर गेलो तिथे ऐकली. नाताळच्या आधी त्यांच्या मंडळीची प्रार्थनासभा होती आणि त्याने आग्रह केला म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पाळक साहेबांनी सांगितलं, की कॉड नावाचा एक अतिशय मोलाचा समुद्री मासा आहे. तो लांबच्या शहरात पाठवायचा तर काय करावं, हा व्यापाऱ्यांना प्रश्न पडला. बर्फात घालून पाठवला तर चव गेली. समुद्राच्या पाण्याच्या टाकीत जिवंत पाठवला तर तो पडून पडून सुस्त झाला, मांस मऊ पडलं. शेवटी कुणीतरी टाकीत एक मांजरमासा, म्हणजे कॅटफिश सोडला. हा कॉडचा जन्माचा वैरी. तो पाठलाग करत राहिला, कॉड जीव घेऊन पळत राहिले आणि मुक्कामाला पोचले तेव्हा समुद्रातून आत्ताच काढल्यासारखे ताजे होते. पाळक साहेबांनी तात्पर्य सांगितलं: सुखात बसलेली मंडळी सुस्त होते. छळ आणि विरोध हे देवाने सोडलेले मांजरमासे आहेत. त्यांच्यामुळेच आपण जागे राहतो आणि सुवार्ता सांगायला बाहेर पडतो.

दुसऱ्यांदा ती आमच्याच मशिदीत ऐकली, जुम्माच्या बयानात. मौलाना साहेबांच्या गोष्टीत चर्चच्या जागी उम्मत होती आणि विरोधकांच्या जागी जालीम. बाकी टाकी तीच, मासा तोच. लोक 'सुभानअल्लाह' म्हणाले. खरं सांगायचं तर मीही म्हणालो.

तिसऱ्यांदा ती मोबाइलवर आली. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका सज्जन शेजाऱ्याने सकाळच्या शुभेच्छांच्या खाली ती पुढे पाठवली होती. त्यात सुस्त पडलेले मासे म्हणजे 'झोपलेला समाज' होता आणि मांजरमासा म्हणजे 'ते लोक'. 'ते लोक' म्हणजे कोण, हे लिहिलेलं नव्हतं. लिहिण्याची गरज नव्हती.

तेव्हा मी पहिल्यांदा थांबून विचार केला. पाळक साहेब आणि मौलाना साहेब दोघेही आपापल्या माणसांना कॉड समजून गोष्ट सांगत होते. त्याच वेळी कुणीतरी तिसरा आम्हा दोघांनाही मांजरमासा ठरवून तीच गोष्ट सांगत होता. 'वैरी आपल्याला जिवंत ठेवतो' असं एकदा मान्य केलं, की प्रत्येकाला एक वैरी लागतो. नसेल तर शोधावा लागतो. म्हणून ही गोष्ट खरी आहे का, हे तपासायचं मी ठरवलं.

आधी कॉडबद्दल. हा आपल्या समुद्रातला मासा नाही. आपल्याकडे सुरमई, पापलेट, हलवा यांना जो मान, तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या कॉडला. त्याच्या मांसात चरबी फार कमी, त्यामुळे तो वाळवला किंवा खारवला तर महिनोन् महिने टिकतो. युरोपातल्या कॅथलिक चर्चने शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासात मांस वर्ज्य केलं होतं. मासे मात्र चालत. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला उपवासाला खारवलेला कॉड हाच आधार. १४९७ मध्ये जॉन कॅबट न्यूफाउंडलंडच्या बाजूला पोचला, तेव्हा तिथे टोपलीने उपसावेत इतके कॉड असल्याची खबर युरोपभर झाली. पोर्तुगीज या खारवलेल्या कॉडला बकल्याव म्हणतात आणि आजही त्यांच्या नाताळच्या जेवणात तो असतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानसभेत तर लाकडी कॉड टांगलेला आहे आणि त्याला 'पवित्र कॉड' असंच म्हणतात.

या पवित्र माशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चांगला कॉड युरोपच्या ताटात जाई आणि निकृष्ट माल कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांना खायला. उपवास पाळणारा आणि गुलाम राबवणारा व्यापार एकाच गलबतातून चाले. धर्माच्या गोष्टीत मासा येतो, पण तो कुठून आला आणि कुणाच्या पोटात गेला हे येत नाही.

आता टाकीची गोष्ट. तिचा माग काढला तर आपण १९१३ सालच्या इंग्लंडमध्ये पोचतो. त्या वर्षी चार्ल्स मॅरियट यांची 'द कॅटफिश' नावाची कादंबरी आली आणि हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराच्या निबंधसंग्रहातही याच नावाचा निबंध होता. पुढे ही गोष्ट अमेरिकेतल्या चर्चच्या प्रवचनांत शिरली. आशियात व्यवस्थापनाच्या वर्गांत कॉडच्या जागी सार्डिन आले, कुठे मांजरमाशाच्या जागी छोटा शार्क आला. २०१० मध्ये 'कॅटफिश' नावाचा अमेरिकन माहितीपट आला. त्यातही ही गोष्ट आहे आणि त्यानंतर इंटरनेटवर खोट्या नावाने फसवणाऱ्याला इंग्रजीत 'कॅटफिश' म्हणू लागले. खऱ्या-खोट्याची पारख न झालेल्या गोष्टीला हे नाव मिळावं, हा योगायोग मजेशीर आहे.

पारख केली तर गोष्ट टिकत नाही. उत्तर अटलांटिकच्या कोळ्यांमध्ये ज्याला 'कॅटफिश' म्हणत तो बहुधा वुल्फफिश नावाचा मासा. आपल्याकडच्या शिंगाळ्याशी त्याचा संबंध नाही. तो समुद्राच्या तळाशी, खडकांच्या आडोशाला राहतो आणि शिंपले, खेकडे, समुद्री साळू असलं कठीण कवचाचं खाणं फोडून खातो. कॉडमागे मैलोन् मैल धावणं हा त्याचा स्वभाव नाही. उलट कॉड स्वतःच मोठा खादाड शिकारी आहे, लहान मासे गिळणारा, प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लं खाणारा. त्याला भित्रा ससा करून टाकणं ही गोष्ट सांगणाऱ्याची सोय आहे.

मग कॉड जिवंत कसे नेत? ते खरोखर नेत असत. उत्तर समुद्रात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात 'वेल स्मॅक' नावाच्या मच्छीमार होड्या होत्या. त्यांच्या पोटात एक हौद असे आणि त्या हौदाच्या तळाला, बाजूंना भोकं पाडलेली असत. होडी चालली की समुद्राचं ताजं पाणी त्या भोकांतून आत येई, बाहेर जाई. खोल पाण्यातून वर ओढलेल्या कॉडच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो पालथा तरंगू लागतो. म्हणून कोळी बारीक सुईने टोचून ती हवा हलकेच काढत. एवढी काळजी घेतली की कॉड बंदरापर्यंत जिवंत राही. सगळं काम वाहत्या पाण्याचं आणि जाणत्या हाताचं होतं. वैऱ्याची गरज कुणालाच पडली नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मामूंनी सांगितली. मामूंची हयात रत्नागिरीच्या बाजूला मासेमारीत गेली. मी त्यांना टाकीची गोष्ट सांगितली तर ते हसले. म्हणाले, "अरे, मासा भीतीनं जगत नाही, पाण्यावर जगतो. जाळ्यात तडफडून तडफडून मेलेला मासा बघ आणि चटकन मेलेला बघ. हाताला फरक कळतो." मत्स्यशास्त्रही हेच सांगतं. घाबरून, धडपडून मेलेल्या माशाच्या अंगातली साठवलेली ताकद संपते, मांसात आम्ल वाढतं, मासा लवकर ताठरतो आणि मांस लवकर बिघडतं. म्हणून तर जपानी कोळी मोलाचा मासा एका क्षणात, कमीत कमी त्रासात मारतात. म्हणजे गोष्टीचं तात्पर्य नेमकं उलटं आहे. भीतीने मांस घट्ट होत नाही, नासतं.

यावर पाळक साहेब म्हणतील, गोष्ट खोटी असेल, पण शिकवण खरी आहे. छळातूनच चर्च वाढलं, असं ते म्हणतील. आमचे मौलानाही हेच म्हणतील. हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. पहिल्या तीन शतकांतलं रोममधलं ख्रिस्ती चर्च छळ सोसूनही वाढलं, हे खरं. चीनमध्ये १९४९ नंतर परदेशी मिशनऱ्यांना जावं लागलं, चर्चवर दडपण आलं आणि तरीही नंतरच्या दशकांत तिथले ख्रिस्ती कितीतरी पटींनी वाढले, हेही खरं.

पण इतिहासाची बाकीची पानंही उलटायला हवीत. जपानमध्ये १५४९ ला फ्रान्सिस झेवियर पोचले, पुढे लाखो लोक ख्रिस्ती झाले. १६१४ मध्ये त्या धर्मावर देशभर बंदी आली, भयंकर छळ झाला आणि ते भरभराटीचं चर्च जवळपास पुसलं गेलं. काही कुटुंबांनी अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपली, ती १८६५ मध्ये नागासाकीत उजेडात आली. त्यांच्या धीराला सलाम, पण त्याला ताजेपणा म्हणता येणार नाही. आमच्या बाजूचंही सांगतो. १४९२ ला ग्रॅनडा पडलं. स्पेनच्या मुसलमानांना आधी बळाने ख्रिस्ती केलं आणि मग १६०९ ते १६१४ या काळात त्या बाटवलेल्या मोरिस्कोंनाही देशाबाहेर काढलं. आठशे वर्षांच्या त्या समाजाला मांजरमाशाने ताजं केलं नाही, संपवलं.

आणि तिसरं उदाहरण, जे माझ्या धर्मबांधवांनी शांतपणे वाचावं. हुतात्म्यांच्या रक्तातून चर्च उगवतं हा विचार ज्यांच्या नावाने सांगतात ते तर्तुल्लियन उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे. मुस्लिम सत्तेच्या शतकांत तिथलं चर्च विरत गेलं आणि शेवटी उरलं नाही. शेजारच्या इजिप्तमध्ये, त्याच सत्तेखाली, कॉप्टिक चर्च आजही आहे. असं का? इतिहासकार जी कारणं देतात त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्थेजचं चर्च लॅटिनमध्ये बोलत राहिलं, गावागावातल्या बर्बर माणसाच्या बोलीत उतरलं नाही. इजिप्तचं चर्च शेतकऱ्याच्या कॉप्टिक भाषेत रुजलं होतं. एका हौदाला भोकं होती, दुसऱ्याला नव्हती.

ही दोन प्रकारची धर्मप्रसाराची रीत पाहायला फार लांब जायला नको. आपल्या गोव्यातच, एकाच काळात, दोन्ही होत्या. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. धर्माची न्यायसभा, तिचा मुख्य रोख नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांवर. जुन्या रीती चोरून पाळतात का, जुनी गाणी म्हणतात का, यावर पाळत. हा खराखुरा मांजरमासा होता, टाकीत सोडलेला, आणि तो १८१२ पर्यंत राहिला. त्याने काय साधलं? हिंदू तर गेलेच, ख्रिस्ती झालेली घराणीही गोवा सोडून दक्षिणेला कानडा किनाऱ्याकडे गेली. १६८४ मध्ये तर स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूम निघाला.

आणि त्याच गोव्यात १५७९ ला एक इंग्रज जेझुइट आला, फादर थॉमस स्टीफन्स. त्याने इथली भाषा शिकली. नुसती कामापुरती नाही, ओवी रचण्याइतकी. १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना त्याने त्यांच्याच ओवीत येशूची कथा दिली. इन्क्विझिशनच्या कागदपत्रांचं आज कुणी पारायण करत नाही. क्रिस्तपुराण मात्र ख्रिस्ती नसलेला मराठी वाचकही आपल्या भाषेचं धन म्हणून वाचतो. मी स्वतः त्यातला एक.

त्यानंतर तीनशे वर्षांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. अमेरिकन मिशनमध्ये काम करताना त्यांनी परदेशी चालींच्या गाण्यांऐवजी अभंग रचले, कीर्तनं केली. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. घरात लक्ष्मीबाईंना त्यांनी ओढून नेलं नाही. त्या काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने त्या वाटेला आल्या आणि पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. ज्याला ख्रिस्ताबद्दल बोलायचं आहे त्याने कुणाच्या पगारावर बोलू नये, इतका त्यांचा जीव त्या वाहत्या पाण्यात होता, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना वाटतं.

येशूने गालीलच्या सरोवरावर कोळ्यांनाच शिष्य केलं आणि त्यांना माणसं धरणारे व्हा असं सांगितलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण धर्म सांगणाऱ्याने या उपमेला फार ताणू नये असं मला वाटतं. जाळ्यात सापडलेला मासा मोजला जातो आणि मोजण्याची सवय वाईट. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात माणसाने पाच शतकं कॉड धरला. किती धरला याचेच हिशेब होत राहिले, समुद्रात किती उरला हे कुणी नीट पाहिलं नाही. २ जुलै १९९२ ला कॅनडा सरकारला मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका हुकुमाने गेला. 'यंदा इतके आत्मे जिंकले' असा अहवाल लिहिणाऱ्या मिशनरीने आणि 'इतक्या लोकांनी कलमा पढला' असं स्टेजवरून सांगणाऱ्या आमच्या वक्त्यानेही हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा.

हे सगळं मी ख्रिस्ती बांधवांना उपदेश करायला लिहिलेलं नाही. घटनेच्या २५व्या कलमाने त्यांना आणि आम्हाला आपापला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सारखाच दिला आहे. तो हक्क आज दोघांचाही अडचणीत आहे. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे झाले आहेत, प्रार्थनासभा चालवणारा पाळक संशयाच्या नजरेने पाहिला जातो आणि दाढीवाला माणूसही. अशा वेळी 'छळ आपल्या भल्यासाठीच आहे' असं म्हणत राहिलं, तर अन्याय करणाऱ्यालाच आपण देवाचं काम करणारा ठरवतो. आणि पीडिताला सांगतो, की तक्रार करू नकोस, तुझं मांस घट्ट होतंय. अन्याय हा अन्याय आहे. त्याविरुद्ध कायद्याने लढायचं असतं, त्याचे आभार मानायचे नसतात.

प्रश्न आमच्या जमातीलाही आहे. आमच्या कोकणातल्या गावात घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. जुम्माचा खुतबा अरबीत होतो आणि बयान उर्दूत. मागच्या सफेतला दहावीचा मुलगा अर्धं समजतो, अर्धं सोडतो. त्याला जागं ठेवायला आम्ही वैऱ्याची भीती घालतो, कारण तेवढं कुठल्याही भाषेत कळतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. ते पाणी आम्ही कधी अडवलं? मुलाच्या हातात त्याच्या भाषेत दीन द्या, त्याचे प्रश्न ऐका, मुलींना मशिदीच्या वाचनालयात जागा द्या, शेजाऱ्याला ईदच्या शिरखुर्म्यासोबत दोन शब्द मोकळेपणाने बोला. हौदाला भोकं पाडणं म्हणतात ते हेच.

माशाची एक खरी गोष्ट मात्र आमच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या, दोघांच्याही ग्रंथांत आहे. हजरत यूनुस अलैहिस्सलाम यांची. बायबलमध्ये ते योना. निनवेच्या लोकांना संदेश द्यायचं काम त्यांच्यावर होतं. ते रागावून, काम अर्धवट सोडून निघून गेले, जहाजातून समुद्रात पडले आणि मोठ्या माशाने त्यांना गिळलं. अंधारात त्यांनी स्वतःची चूक कबूल केली, सुटका झाली, आणि पुढे ती लाखभर माणसं ईमान घेऊन आली.

नीट बघा, या गोष्टीत मासा कुणाच्या मागे लागला? निनवेच्या लोकांच्या नाही. संदेश सांगणाऱ्याच्या. लोकांना सुधारायला निघालेल्या माणसाला आधी स्वतः माशाच्या पोटात बसून विचार करावा लागला. पुढच्या जुम्माला मौलाना साहेबांना ही गोष्ट सांगायची विनंती मी करणार आहे, आणि त्या ख्रिस्ती मित्रालाही हा लेख पाठवणार आहे. कॉलनीच्या ग्रुपवरही टाकेन. तिथे सगळ्यात जास्त गरज आहे.